पेशी फुटते, विष पाण्यात उतरते

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस नळाचे पाणी पिता आले नाही. ईरी सरोवरात मायक्रोसिस्टिस या नील-हरित जिवाणूंचा तवंग पसरला होता आणि त्यांचे यकृताला घातक विष पाणीपुरवठ्यात उतरले होते. ते उकळूनही जात नाही! नंतरच्या अभ्यासात संशयाची सुई एका विषाणूकडे वळली.

या जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंना सायनोफेज म्हणतात. मायक्रोसिस्टिसवरचा एक विषाणू जपानच्या मिकाता तलावात सापडला. सुमारे ८६ नॅनोमीटरचे बहुपृष्ठी डोके, त्यात ठासून भरलेला डीएनए आणि खाली आखडणारी शेपटी. शेपटीचे टोक पेशीच्या पृष्ठभागाशी जुळले, तरच शेपटी आखडते, आतली नळी पेशीत घुसते आणि डीएनए आत जातो. जुळले नाही, तर काहीच घडत नाही. माणसाच्या पेशींना त्याचा धोका नाही. म्हणूनच तळी साफ करायला हे विषाणू वापरावेत, ही कल्पना मोहक वाटते.

गोम पुढे आहे. नवे विषाणू पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा आतले विषही पाण्यात विरघळते. अखंड पेशी गाळणीत अडकतात. विरघळलेले विष अडकत नाही, त्यासाठी सक्रिय कार्बन लागतो. टोलेडोत बहुधा हेच झाले. त्यामुळे विषाणू सोडण्यापेक्षा तवंगाला पोसणारे फॉस्फरस रोखणे शहाणपणाचे. ईरीच्या पश्चिम भागात ते मुख्यतः मॉमी नदीतून, शेतातल्या खतांबरोबर येते.