मंगळवासी रेखाटताना

एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या कादंबरीतला मंगळवासी म्हणजे जवळजवळ नुसते डोकेच: सुमारे चार फूट व्यासाचे, मोठ्या काळ्या डोळ्यांचे, नाकपुड्या नसलेले. तोंडाभोवती आठ-आठच्या दोन जुड्यांत सोंडेसारखे सोळा लवचीक अवयव. टी. एच. हक्स्ली यांच्याकडे जीवशास्त्र शिकलेल्या वेल्स यांनी या रूपामागे कारणे ठेवली. हे जीव दुसऱ्यांचे रक्त थेट आपल्या शिरांत घेतात. मग चित्रात पोट काढायचे कशाला? पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण मंगळापेक्षा जास्त, म्हणून त्यांची हालचाल जड, कष्टाची. ते वजन रेषेत उतरलेच पाहिजे. १९०६च्या ब्रसेल्स आवृत्तीसाठी ब्राझीलचे चित्रकार आल्विम कोरेया यांनी काढलेली चित्रे आजही सरस वाटतात. त्यांनी मंगळवाशांच्या तीन पायांच्या यंत्रांनाही डोळे दिले. त्या चित्रांतील धास्ती बरीचशी त्या रोखलेल्या नजरेची आहे.