सायकल अर्ध्या तासाने उशिरा

दिवस मोठा होऊ लागला, म्हणजे सकाळ लवकर उजाडते असे नाही. २२ डिसेंबरनंतर दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. सोलापुरात जानेवारीच्या मध्यावर सूर्य उलट काही मिनिटे उशिराच, सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला सात रस्त्यावरून निघणारा सायकलस्वार म्हणजे तासभर अंधारातच असतो.

अशा चौकात वाहन केवळ मागून येत नाही. परावर्तक पट्टी प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. मागच्या चालकाला ती चमकताना दिसते, आडव्या रस्त्याने येणाऱ्याला नाही. म्हणून पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच आणि चाकांच्या आऱ्यांनाही पट्ट्या हव्यात. शहराबाहेर गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. कित्येकींना मागे दिवाच नसतो. तिथे सायकलचा दिवा रस्ता दाखवणारा असावा, नुसता लुकलुकणारा नव्हे.

गारठा सर्वांत जास्त असतो तो सूर्योदयाच्या आसपास. त्यात ताशी २० किलोमीटरने जाणारा तेवढाच वारा स्वतःहून अंगावर घेतो. बधिर बोटे ब्रेक उशिरा दाबतात. तेव्हा हातमोजे आधी, जॅकेट नंतर.

दोन पहाटा हुकल्या की आठवडा जातो आणि बोल लागतो जिद्दीला. चूक बहुधा गजराच्या वेळेची असते. तो अर्धा-पाऊण तास पुढे ढकलावा, नाहीतर लांबत चाललेली संध्याकाळ धरावी. नोकरीमुळे तेही जमत नसेल तर आठवड्यातून दोनच दिवस, पण उजेडात. गड्डा यात्रेच्या दिवसांत मात्र संध्याकाळी होम मैदानाची बाजू टाळलेली बरी.