यंत्राला विचारण्याआधी

"माहिती आता प्रत्येकाच्या खिशात आहे, मग ती मुलांच्या डोक्यात कशाला कोंबायची?" हा प्रश्न हल्ली पालकसभेत, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकू येतो. विचारणारी माणसं शिकलेली असतात आणि उत्तर ठरलेलंच आहे अशा सुरात विचारतात. समोरच्या बाजूला तितकेच ठाम दुसरे असतात. "या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे पोरांची डोकी गंजणार, शाळा-कॉलेजात तिच्यावर सरळ बंदी घाला," असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत, आणि दोघांची चूक मुळात एकच आहे. दोघांचीही नजर उत्तरावर खिळलेली आहे. उत्तर पटकन मिळालं म्हणून एक खूश, उत्तर आयतं मिळालं म्हणून दुसरा नाराज. उत्तर घडवताना मुलाच्या मनात जी खटपट चालते तिलाच शिकणं म्हणतात, आणि तिच्याकडे दोघांचंही लक्ष नाही.

पहिला पूर्वपक्ष अधिक मोहात पाडणारा आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो.

समजा, एखाद्या मुलीनं यंत्राला विचारलं, की पानिपतावर मराठे का हरले? दोन-चार सेकंदांत मुद्दे येतील. रसद तुटली, फौजेबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरू फार होते, उत्तरेतली मित्रसत्ता टिकली नाही. मुद्दे बरोबरच आहेत. पण यमुना कुठून कुठे वाहते, दिल्ली पानिपताच्या दक्षिणेला आहे, १७६० च्या ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ नदी उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला, हे जिला आधीपासून ठाऊक नाही, तिच्यासाठी 'रसद तुटली' हे केवळ दोन शब्द आहेत. जिच्या मनात तो नकाशा आहे, तिला त्याच दोन शब्दांत उपाशी छावणी दिसते आणि जानेवारीतल्या त्या लढाईला भाऊसाहेब का उभे राहिले हे कळतं. खिशातली माहिती विचारल्याशिवाय हलत नाही. डोक्यातली माहिती न विचारता पुढे येते, नव्या माहितीला जाऊन भिडते आणि नवा प्रश्न उभा करते. शिवाय काय विचारायचं हे सुचायलाही आधी काहीतरी माहीत असावं लागतं. ज्याला काहीच माहीत नाही, त्याच्या खिशात विश्वकोश असला तरी तो उघडायचा कुठे हा प्रश्न राहतोच.

आणि यंत्र चुकलं तर? ही यंत्रं अफाट मजकुरावर शिकवलेली असतात आणि पुढचा संभाव्य शब्द कोणता याचा अंदाज घेत वाक्य रचतात. त्यामुळे खरं आणि खोटं दोन्ही ती सारख्याच सफाईनं लिहू शकतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात काही वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निकालांचे दाखले सादर केले. ते निकाल कधी लागलेच नव्हते. न्यायालयानं ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. शिकल्यासवरलेल्या वकिलांची ही गत, तर सातवीतल्या मुलानं चूक कशाच्या बळावर पकडायची? ती पकडायची तर त्या विषयातलं थोडं तरी ज्ञान त्याचं स्वतःचं हवं. मराठीत ही जोखीम आणखी वाढते, कारण इंग्रजीच्या तुलनेत आपल्या भाषेतला मजकूर इंटरनेटवर फार थोडा आहे.

याहून मोठा धोका वेगळा आहे. वाचलेलं समजलं म्हणजे ते आपलं झालं, असा भास होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी तो बंद करून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं होतं. लिहून काढणाऱ्यांना सरासरी ५६ टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आठवण्याचा जो त्रास होतो, त्यातूनच आठवण पक्की होते. यंत्राचं नीटनेटकं, मुद्देसूद उत्तर हा त्रासच काढून घेतं, आणि मुलाला मनापासून वाटतं की धडा झाला.

इथे हमखास एक युक्तिवाद पुढे येतो : "कॅल्क्युलेटर आला तेव्हाही असंच ओरडत होते, काय बिघडलं?" हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यात अर्धं सत्य आहे. आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, औटकीपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत. आज औटकी येत नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही आणि ती परत आणा असं मी म्हणणार नाही. पण कॅल्क्युलेटरनं काय बिघडलं, हा प्रश्न संशोधकांनी खरोखर तपासला आहे. हेम्ब्री आणि डेसार्ट यांनी १९८६ मध्ये ७९ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. बहुतेक इयत्तांत कॅल्क्युलेटरनं नुकसान केलं नव्हतं, उलट नेहमीच्या शिकवण्याच्या जोडीला वापरला तर फायदाच झाला होता. अपवाद होता चौथीचा. जिथे हातानं आकडेमोड पक्की व्हायची असते, तिथेच सततच्या वापरानं मूलभूत कौशल्याला खीळ बसताना दिसली. म्हणजे कॅल्क्युलेटरच्या बाजूचा हा पुरावाही सांगतो की प्रश्न क्रमाचा आहे : आधी हात, मग यंत्र.

शिवाय कॅल्क्युलेटर आणि हे नवं यंत्र यांना एका पारड्यात घालणं चूक आहे. कॅल्क्युलेटर गुणाकार करतो, पण शाब्दिक उदाहरणात गुणाकार करायचा की भागाकार, हे मुलालाच ठरवावं लागतं. नवं यंत्र उदाहरण वाचतं, मांडतं, सोडवतं आणि रीतही समजावतं. मुलाकडे उरतं ते वहीत उतरवणं. याचा परिणाम मोजलेला आहे. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या सरावात या साधनाचा प्रयोग झाला. हम्सा बस्तानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांना साधं चॅटजीपीटीसारखं यंत्र मिळालं, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना यंत्र कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. आपण कमी शिकलो याची त्यांना जाणीवही नव्हती.

पण हा अभ्यास इथेच सोडणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्यात तिसरा गटही होता. त्यांच्या यंत्राला बजावलेलं होतं की उत्तर द्यायचं नाही, शिक्षकांच्या मदतीनं तयार केलेले इशारे तेवढे द्यायचे. या गटानं सरावात तर मोठी मजल मारलीच, आणि परीक्षेतली ती घसरणही जवळजवळ दिसली नाही. तंत्र तेच, मुलं त्याच वयाची. फरक एवढाच की एका यंत्रानं मुलाच्या हातातलं काम काढून घेतलं आणि दुसऱ्यानं ते त्याच्याच हातात ठेवलं.

बंदीवाल्यांनी इथे थांबून विचार करावा. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात बंदी मागे घेतली. 'यंत्रानं लिहिलेलं ओळखणारं यंत्र' हाही भरवशाचा पहारेकरी नाही. ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी पडते म्हणून २०२३ च्या जुलैत मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले होते. आपली मुलं नेमकी याच विद्यार्थ्यांत मोडतात. प्रामाणिक मुलीला चोर ठरवणारी व्यवस्था मला कॉपीपेक्षाही वाईट वाटते.

आणि आयतं उत्तर आपल्या शाळांत यंत्राबरोबर आलं का? गाईड होतीच. 'अपेक्षित' प्रश्नसंच होतेच. विज्ञानाची जर्नल्स गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवली जात होती. प्रकल्पाचे तक्ते स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळत होते आणि आयांनी रात्री जागून चिकटवलेल्या चित्रांना पोरांच्या नावे गुण मिळत होते. हे सगळ्यांना माहीत होतं. शिक्षकांना, पालकांना, तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांना. कागद जमा झाला म्हणजे शिकणं झालं असं आपण सर्वांनी मिळून मान्य केलं होतं. यंत्रानं तो कागद फुकट आणि झटपट करून दिला, इतकंच. दोष आधीपासून आपल्या मूल्यमापनात होता, म्हणून फक्त यंत्रावर बंदी घालून तो जाणार नाही.

बंदीचा एक अन्याय तर मला सहनच होत नाही. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, त्याला या यंत्राचा सर्वांत जास्त उपयोग आहे. विद्येचं दार मोजक्यांनाच उघडं ठेवण्याचा आपला इतिहास जुना आहे. वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशी पाठांतराची विलक्षण रचना उभी केली, शब्द उलटसुलट म्हणून चूक पकडण्याची व्यवस्था केली आणि कागदाशिवाय मजकूर शतकानुशतकं जपला. पण त्या विद्येच्या दारातून स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना आत घेतलं जात नव्हतं. छापील पुस्तक आणि सर्वांसाठीची शाळा आली तेव्हा ते दार उघडू लागलं. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. नवं साधन कोणाला आत घेतं, हे विचारलंच पाहिजे. ट्यूशन परवडत नसलेल्या, आईबाप अडाणी असलेल्या मुलाला रात्री नऊ वाजता मराठीत प्रश्न विचारता येत असेल, तर ती दौलत त्याच्या हातून मी काढून घेणार नाही.

मात्र मुक्ता साळवेचं नाव मी आणखी एका कारणासाठी घेतलं. तो निबंध आजही वाचताना हलवून सोडतो, कारण तो लिहिताना त्या मुलीनं स्वतः विचार केला आहे. त्याच विषयावर यंत्र आज गोळीबंद निबंध देईल. पण तो वाचून वर्गातल्या एकाही मुलीच्या मनात तिचा स्वतःचा प्रश्न तयार झाला नाही, तर त्या निबंधाचं करायचं काय?

'यंत्र आपल्यापेक्षा चांगलं करतं ते माणसानं शिकावं कशाला' या शंकेला बुद्धिबळानं उत्तर दिलेलं आहे. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकानं तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. आज साध्या फोनमधलं इंजिन जगज्जेत्याला हरवेल. तरीही नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये जॉर्जियात महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आपण सगळे आनंदलो, कारण पटासमोर ती एकटी बसली होती. २०२४ मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी घडणीच्या वर्षांत इंजिनापासून मुद्दाम लांब ठेवलं होतं. चाल त्यानं स्वतः शोधायची, मोजायची, चुकायची. इंजिन नंतर आलं, आणि आलं तेव्हा त्याचा सल्ला पारखण्याची ताकद त्याच्याकडे होती. वर्गात हाच क्रम आणायला काहीच हरकत नाही.

त्यासाठी काय करावं लागेल? घरचं लेखन वर्गात आणावं लागेल. महिन्यातून एक निबंध शिक्षकांच्या डोळ्यांदेखत लिहिला जावा. अंतर्गत गुण जमा केलेल्या कागदाला न देता मुलाच्या तोंडी उत्तराला द्यावेत. "तू हे असं का लिहिलंस?" या एका प्रश्नापुढे उसना मजकूर टिकत नाही. घरी यंत्र वापरायचं असेल तर आधी स्वतःचं उत्तर लिहावं, मग यंत्राला त्यातल्या चुका आणि कच्चे दुवे विचारावेत, आणि दोन्ही कागद वहीत ठेवावेत. साठ मुलांचा वर्ग, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं यांत पिचलेल्या शिक्षकांना यासाठी वेळ कुठून मिळणार, ही हरकत खरी आहे. तो वेळ दुकानातून विकत येणारे प्रकल्प बंद केले तर मिळेल. शिक्षण खात्यानं शिक्षकांवरची बिगरशैक्षणिक कामं कमी केली तर आणखी मिळेल, आणि ती मागणी शिक्षकांच्या बरोबरीनं पालकांनीही करायला हवी.

फोन मुलांच्या हातात आलेला आहेच. २०२४ च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात. त्यांच्यातल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे की येत्या सत्रात घरी करायचा निदान एक प्रकल्प रद्द करा आणि त्या तासाला मुलांना बोलतं करा. आणि पालकहो, आज रात्री मुलानं गृहपाठ दाखवला तर वही मिटून ठेवा आणि त्यात काय लिहिलंय ते त्याच्या शब्दांत सांगायला सांगा.