वाद्य गावाचं असलं की...

ऑक्टोबर १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने ३१ कोळसाखाणींना कुलूप लावण्याचा निर्णय जाहीर केला. तीस हजार माणसांची रोजीरोटी जाणार होती. बंद होणाऱ्या खाणींच्या यादीत यॉर्कशरमधल्या बार्न्सलीजवळच्या ग्राइमथॉर्प गावाची खाणही होती. त्यानंतर काही दिवसांतच लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ब्रास बँडची राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती ग्राइमथॉर्प कोलियरी बँडने जिंकली. खाण १९९३च्या मे महिन्यात बंद पडली, पण बँड आजही वाजतो आहे.

हा बँड १९१७चा. १९९६ साली मार्क हर्मन यांनी ‘ब्रास्ड ऑफ’ हा चित्रपट काढला, तो याच गावाच्या कथेवर बेतलेला. त्यातलं गाव काल्पनिक आहे, पण पडद्यावर वाजतो तो ग्राइमथॉर्पचाच बँड. पीट पोसलथ्वेट यांनी रंगवलेला बँडमास्तर ज्यांनी पाहिला आहे, ते तो विसरणार नाहीत. मला मात्र चित्रपट संपल्यावरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९९४च्या युरोपीय संघाच्या पाहणीत हे गाव ब्रिटनमधलं सर्वांत गरीब ठरलं. अशा गावाचा बँड २००६ आणि २००७ साली पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला. हे कशामुळे जमलं?

एक उत्तर या बँडच्या घडणीतच आहे. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये साधारण अठ्ठावीस वादक असतात. कॉर्नेट, फ्लुगेलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन, बास आणि तालवाद्यं. ट्रम्पेट नाही, क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. बास ट्रॉम्बोन आणि तालवाद्यं सोडली, तर लहानशा कॉर्नेटपासून मांडीवर मावणार नाही अशा अजस्र बासपर्यंत सगळ्यांचं नोटेशन एकाच पद्धतीने लिहिलेलं असतं. कागदावर एखादा स्वर दिसला की कॉर्नेटवर जी बोटं पडतात, तीच टेनर हॉर्नवर आणि तीच बासवर. त्यामुळे कॉर्नेटवर शिकलेला पोरगा पुढे गरज पडली की बॅरिटोनवर बसू शकतो. कुणी आजारी पडला, कुणी गाव सोडून गेला, तरी बँड अडत नाही. दिवसभर खाणीत राबून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसांसाठी ही व्यवस्था किती सोयीची होती, हे सांगायला नको.

दुसरं उत्तर स्पर्धांच्या शिस्तीचं. मोठ्या स्पर्धांमध्ये सगळे बँड एकच ठरावीक रचना वाजवतात आणि परीक्षक पडद्याआड, बंद खोक्यात बसतात. पुढे कोण वाजवतंय, हे त्यांना कळत नाही. नाव, गणवेश, ओळखपाळख यांचा तिथे काडीचा उपयोग नाही. पडद्याआड पोचतो तो फक्त स्वर. खाणकामगारांच्या बँडला राजधानीतल्या सभागृहात मान मिळाला, तो या न्यायाने.

आणि ही माणसं फक्त मार्चच्या चाली वाजवत बसली नाहीत. १९७०च्या दशकात एल्गर हॉवर्थ त्यांचे संगीत दिग्दर्शक झाले आणि त्यांनी बँडला त्या काळच्या नव्या, अवघड संगीताकडे नेलं. १९७३ मध्ये हॅरिसन बर्टविसल यांनी या बँडसाठी ‘ग्राइमथॉर्प आरिया’ लिहिली. दोन वर्षांनी जर्मन संगीतकार हान्स वेर्नर हेन्त्झे यांची रचना आली. कामगाराला हलकंफुलकंच रुचतं, असं म्हणणाऱ्यांना ग्राइमथॉर्पने कायमचं उत्तर दिलं आहे.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती तिसरी गोष्ट. या परंपरेत वाद्यं बहुधा बँडच्या मालकीची असतात. युफोनियम किंवा बास विकत घेणं मजुराच्या घराला परवडण्यासारखं नव्हतंच. खाणीने, गिरणीने, नाहीतर गावाने वर्गणीतून ती घेतली आणि पोरांच्या हाती दिली. क्वीन्सबरीचा ब्लॅक डाइक बँड १८५५ पासून जॉन फॉस्टर यांच्या लोकर गिरणीच्या आधाराने वाढला. ब्रिगहाउस अँड रॅस्ट्रिक बँडने तर लोकवर्गणीवर चालण्याचाच अभिमान बाळगला, आणि १९७७ मध्ये त्यांची ‘फ्लोरल डान्स’ ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचली. वाद्य सामाईक असलं की शिकवणंही सामाईक होतं. थोरल्याने धाकट्याला बसवायचं, धाकट्याने पुढच्याला. खाण सरकारची होती, म्हणून ते ती बंद करू शकलं. बँड गावाचा होता.

माझं लहानपण गिरणगावात गेलं, त्यामुळे हे वाचताना परळ-लालबाग डोळ्यांपुढे येतंच. १८ जानेवारी १९८२ रोजी आपल्याकडे गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तिकडे १९८४ च्या मार्चमध्ये खाणकामगारांचा संप सुरू झाला, तो वर्षभर चालला. दोन्ही लढे हरले. चाळीचाळींतून भजनी मंडळं होती, कामगार रंगभूमी होती, तालमीत लेझीम होतं. गिरण्यांचे भोंगे थांबले, तशी माणसं पांगली, खोल्या विकल्या गेल्या आणि बरीच मंडळं हळूहळू विरली. तरी जिथे मृदंग, टाळ, पेटी मंडळाच्या मालकीची होती आणि ठेवायला देवळाची ओसरी होती, तिथलं भजन मी पुढेही ऐकलं आहे. जागा आणि वाद्यं टिकली, की माणसं परत येतात.

ब्रास बँड आपल्याला परका नाही. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात आणि दरबार या बँडांची परंपरा आहे. मेरठच्या जली कोठीत बनलेली पितळी वाद्यं देशभर वाजतात. पण आपल्याकडे बँड हा बहुतांशी लग्नसराईचा आणि सणांचा धंदा राहिला. वरातीपुढे घाम गाळत वाजवणाऱ्या माणसाला आपण कलावंत मानलं नाही, त्याचं नावही विचारलं नाही. भिंती हादरवणाऱ्या स्पीकरांनी त्याचं उरलंसुरलं कामही ओढून घेतलं. त्याच्या मुलाने हा पेशा सोडला, तर दोष त्याचा नाही.

ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसाखाण, केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. ग्राइमथॉर्पच्या बँडने नावातला ‘कोलियरी’ शब्द काढलेला नाही. मोठ्या खाणकंपन्यांची मदत कधी मिळाली, कधी थांबली. कार्यक्रम, ध्वनिमुद्रणं आणि मिळेल तो आधार यांवर बँड चालत राहिला.

येत्या गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा स्पीकरच्या भिंतीवर जाणारे पैसे बाजूला काढा. त्यातून चार कॉर्नेट, एक युफोनियम आणि एक ड्रम घ्या. ती मंडळाच्या नावावर नोंदवा आणि वस्तीतल्या पोरांना शिकवायला एखाद्या जुन्या बँडवाल्याला सन्मानाने, रीतसर मानधन देऊन बोलवा. अजून अशी शिकवणारी माणसं आपल्या शहरांत आहेत. दहा वर्षांनी ती सापडतीलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.