चालतंय ते मोडायचं कामून?

तर झालं असं की, दिवाळीला माजलगावला घरी गेलो आणि पहिल्याच दिवशी काकांनी मोंढ्यात बोलावून घेतलं. काकांची आडत आहे. दुकानातला कॉम्प्युटर सुरूच होईना, आणि तेही ऐन सोयाबीनच्या सीझनमध्ये! "तू इंजिनिअर हायेस ना, बघ की जरा," इति काका. पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला बंद पडलेलं मशीनही दुरुस्त करता येतं, असा आमच्या घरी ठाम समज आहे. असो.

मशीनवर विंडोज एक्सपी. त्यात व्हिज्युअल फॉक्सप्रोमधला प्रोग्रॅम, ओळखीच्या एका पोरानं लिहून दिलेला. तो पोरगा कधीच परदेशी गेला. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट एप्रिल 2014 मध्ये बंद केला, फॉक्सप्रोचा जानेवारी 2015 मध्ये. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा काकांनी दुसरा कॉम्प्युटर आणि टॅली घेतलं, पण शेतकऱ्यांची उचल जुन्याच मशीनमध्ये राहिली. म्हणजे एकच पट्टी दोनदा टाइप करायची! मी दरवेळी बदला म्हणायचो, आणि काकांचं उत्तर ठरलेलं: "चालतंय ते मोडायचं कामून?"

आता हार्ड डिस्क गेली होती. बॅकअप होता, मार्चमधला.

त्याच दुपारी एक मावशी पट्टीचे पैसे न्यायला आल्या. नातीला दवाखान्यात ॲडमिट केलेलं. उचल किती, फिटली किती, कुणालाच सांगता येईना. काकांनी अंदाजानं पैसे दिले. त्या गेल्यावर मला हळूच म्हणाले, "कमी तर नाही ना गेले रे त्यांना?"

खरं सांगतो, काकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. हमाली-तोलाई कशी कापायची, कुणाची उचल कोणत्या मालातून वळती करायची, हे सगळं त्या प्रोग्रॅमला माहीत होतं. पण फक्त त्यालाच! जुनी सिस्टीम महाग पडते ती इथे. धंद्याचं शहाणपण एका डब्यात बंद, आणि तो डबा उघडणारा माणूस गायब. असे डबे पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांतही आहेत बरं का, फक्त ते एसी रूममध्ये असतात.

मग नवीन सॉफ्टवेअर विकत घेतलं की झालं? नाही. आपल्या सातबाऱ्याचंच बघा. हस्तलिखित सातबारा कॉम्प्युटरवर आला, पण कुठे नाव चुकलं, कुठे क्षेत्र. म्हणून 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. संगणकीकृत सातबारा गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचा आणि हरकती घ्यायच्या. डिजिटल सहीचा सातबारा त्यानंतर, 1 मे 2018 ला आला. मशीन आणणं सोपं असतं हो, आतला हिशोब खरा करायला वेळ लागतो. आणि हा वेळ जुनं चालू आहे तोवरच मिळतो. बंद पडल्यावर मिळते ती फक्त धावपळ.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: जुनं चालू असतानाच नवं शेजारी उभं करा. एक सीझन दोन्हीकडे हिशोब घाला, रोज ताळा करा. जुन्या प्रोग्रॅमला काय काय माहीत आहे ते मुनिमांकडून लिहून घ्या. आणि ज्याचा हिशोब आहे त्याला तो दाखवा. यात फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

डिस्कमधला डेटा पुण्यात कसाबसा निघाला, पण जुन्या फॉन्टमुळे नावांचा पार कचरा झाला होता. दोन रविवार काका, मुनीम आणि मी मोंढ्यात बसलो. मुनीम वहीतून नाव वाचणार, मी टाइप करणार, काका "बरोबर" म्हणणार. आमचं घरगुती चावडी वाचनच!

मावशींचं खातं निघालं. पैसे कमीच गेले होते. काका काही बोलले नाहीत. पायात चपला घातल्या, आणि स्वतः गावी जाऊन देऊन आले.

परत आल्यावर पहिलं वाक्य: "ते बॅकअप का काय म्हणतो, रोज घ्यायचं का रे?"