खाट एक, गोधड्या दोन

बालमित्रांनो, आधी एक कोडं. अशी कोणती खोली, जिच्यात शिरायचं ते रांगत, उभं राहायचं नाहीच, आणि भाडं मात्र तासांवर? नाही सुटलं? मग ऐका तर.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला एका लग्नाला बोरिवलीला जायचं होतं. माझा जन्म मुंबईतला. तिसरीपर्यंतची शाळाही तिथलीच. पण आता त्या शहरात रात्री हक्कानं जावं असं एकही घर उरलेलं नाही. म्हणून मी मुंबई सेंट्रल स्टेशनातल्या पॉड हॉटेलात उतरायचं ठरवलं. शिरूरहून एसटीनं दौंडला मामांकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी तिथून रेल्वेनं मुंबईला.

पॉड म्हणजे झोपण्यापुरती पेटी! एकावर एक अशा दोन ओळी. वरच्या पेटीत चढायला शिडी. आत गादी, उशी, दिवा, मोबाईल चार्ज करायची सोय, आणि थंडगार हवा. बायकांसाठी विभाग वेगळा. २०२१च्या नोव्हेंबरात हे सुरू झालं, तेव्हा अशा ४८ पेट्या होत्या आणि १२ तासांचं भाडं होतं ९९९ रुपये. आपल्या देशात रेल्वे स्टेशनावर अशी सोय पहिल्यांदाच झाली. मूळ कल्पना मात्र जपानची. किशो कुरोकावा नावाच्या वास्तुशिल्पकारानं १९७९ साली ओसाका शहरात असं पहिलं हॉटेल उभारलं. उशीर होऊन शेवटची गाडी चुकलेली माणसं तिथं रात्र काढायची.

मी आत शिरले, पडदा ओढला, दिवा मालवला. पण झोप येईना. सारखं वाटत होतं, ही जागा आपल्या ओळखीची आहे. आणि एकदम आठवलं. आमची लालबागची खोली!

आमचे अण्णा कापड गिरणीत होते. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. म्हणजे मी झोपले होते तिथून अगदी जवळच. पुढे गिरण्या रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालू लागल्या, आणि माणसंही पाळीपाळीनं झोपू लागली. गावाकडचे पंधरा-वीस जण मिळून एक खोली घ्यायचे. जेवण खानावळीत, ट्रंक भिंतीशी. एक उठून कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा आडवा व्हायचा.

आमच्या खोलीत आम्ही चौघं, आणि गावाकडचे एक काका. खाट एकच. अण्णांची रात्रपाळी असली की रात्री खाटेवर काका झोपायचे. सकाळी काका कामावर निघाले की अण्णा यायचे. आई काकांची गोधडी घडी करून खुंटीवर ठेवायची आणि अण्णांची अंथरायची. मी आणि भाऊ खाटेखाली. तिथून खाटेच्या पट्ट्या दिसायच्या. त्या मोजता मोजता मी वीसपर्यंतचे आकडे शिकले!

१९८२ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर कितीतरी गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. मी तिसरीत असताना अण्णांचीही गेली, आणि आम्ही शिरूरजवळ गावी आलो.

आता एक कबुली देते. चौथीच्या वर्गात पहिल्याच दिवशी एका मुलीनं विचारलं, "मुंबईत तुमचं घर केवढं होतं गं?" मी म्हणाले, "तीन खोल्यांचं. मला वेगळा पलंग होता." धडधडीत खोटं! ते मी कधीच कुणापाशी दुरुस्त केलं नाही.

परतताना दौंडला मामांना पेटीची हकिकत सांगितली. मामा रेल्वेत गार्ड होते. ते हसायलाच लागले. "अगं, आम्ही जन्मभर रनिंग रूममध्ये असेच झोपलो की! गाडी सोडायची, मिळेल त्या खाटेवर पडायचं. कॉलबॉयनं हाक मारली की उठायचं, आणि त्याच खाटेवर दुसरा!"

शाळा सुरू झाल्यावर मी खडूनं फरशीवर पेटी आखून दाखवली. पोरं एकेक करून आत झोपून बघत होती. नुसता दंगा! इतक्यात एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, आमच्या खोलीत पण असंच हाय. दिवसाचे काका वेगळे, रातचे वेगळे." त्याचे वडील रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, लांबून आलेले. दोघं-तिघं फिदीफिदी हसली. त्यानं मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान मला चांगलीच ओळखीची होती. मी खडू ठेवला आणि वर्गाला लालबागची खोली सांगितली. खाट, खुंटी, दोन गोधड्या, आणि चौथीत मारलेली थापसुद्धा. वर्ग चिडीचूप. मग त्या मुलानंच विचारलं, "बाई, खाटेला पट्ट्या किती व्हत्या?"

"वीस," मी म्हटलं.

"आमच्या पत्र्याला बावीस पन्हाळी हायेत. म्या मोजल्यात." आणि तो छान हसला.

तर मुलांनो, आज रात्री घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, तुम्ही लहानपणी कुठं झोपायचा? अंगावर काय घ्यायचा? आणि झोप येईपर्यंत काय मोजायचा? मला पत्रानं कळवाल ना?