विश्लेषण : खाणपट्ट्यातील नद्या चाचणीत ‘उत्तीर्ण’, पण तळाच्या गाळाचे काय?

गोव्यात २०१२ मध्ये थांबलेला लोहखनिज उद्योग पुढे सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्याने मार्च २०१८ मध्ये तो पुन्हा ठप्प झाला. आता लिलावानंतर २०२४ पासून उत्खनन नव्याने सुरू झाले आहे. चर्चा रोजगार आणि महसुलाची होते. मांडवी आणि जुवारीच्या तळाशी काय साठले आहे, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

धातू नदीत येतात कसे?

एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. तिचे ढीग डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील डोंगरउतारांवर आहेत. पावसाळ्यात ही लाल माती ओहोळांतून नदीत उतरते. खाणीच्या खड्ड्यांत साचलेले पाणी उपसले जाते, तेही ओहोळांतच जाते. बार्ज भरताना सांडणाऱ्या खनिजाची त्यात भर पडते. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. त्यातले बरेचसे याच नद्यांतून मुरगाव बंदरापर्यंत गेले.

जीवसृष्टीवर परिणाम काय?

गोव्यातील खनिज मुख्यतः ऑक्साइड स्वरूपाचे आहे. त्यामुळे गंधकयुक्त तांब्याच्या खाणींप्रमाणे येथे नदी आम्लधर्मी होऊन एका रात्रीत मासे मरत नाहीत. येथील परिणाम संथ आहे. लोह आणि मँगनीज मातीच्या बारीक कणांना चिकटून येतात. गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मिळते तेथे हे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. त्याखाली माशांची अंडी गाडली जातात, कल्ल्यांत गाळ अडकतो आणि गढूळ पाण्यामुळे शेवाळाला सूर्यप्रकाश मिळत नाही.

तळाच्या चिखलातील ऑक्सिजन संपला, की आधी मँगनीज आणि पाठोपाठ लोह पुन्हा विरघळते. त्यांना चिकटलेले तांबे, जस्त यांसारखे धातूही त्यासोबत सुटतात. म्हणजेच खाण बंद पडली, तरी गाळातून धातू बाहेर येणे थांबत नाही.

सर्वाधिक धोका कोणाला?

तिसऱ्या, कालवे, शिनाणे पाणी गाळून अन्न मिळवतात. पाण्यातील धातू त्यांच्या शरीरात साठत जातात. मासा दूर पोहून जाऊ शकतो, शिंपल्याला ती सोय नाही. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना ज्याचे अर्धपारदर्शक शिंपले बसवत, तो कालवांचा प्रकार जुवारीच्या चिखली उपसागरात आढळतो. ओहोटीला तिसऱ्या काढून विकणाऱ्या कुटुंबांची रोजची कमाईही याच चिखलावर उभी आहे.

चाचणीत हे का दिसत नाही?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचा पट्टा प्रदूषित ठरवते ते ‘बीओडी’ म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीवरून. ती प्रतिलिटर ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर पट्टा यादीत येतो. सांडपाण्यासाठी हा निकष योग्य आहे. खनिजाची माती मात्र बीओडी फारशी वाढवत नाही. परिणामी, तळाशी धातूंचे थर असलेली नदी कागदावर स्वच्छ ठरू शकते.

मग करायचे काय?

जांभ्या दगडाच्या प्रदेशात लोह आणि मँगनीज निसर्गतःच जास्त असतात, असा खाण उद्योगाचा युक्तिवाद असतो. तो खोटा नाही. म्हणूनच निसर्गाचा वाटा किती आणि खाणीचा किती, हे ठरवण्यासाठी तुलनेचा आधार हवा. उत्पादन पूर्ण क्षमतेने सुरू होण्याआधी खाणींच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा गाळ व तिसऱ्यांचे नमुने तपासून ठेवले, तर तो मिळेल. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे या नद्यांच्या गाळाचा अनेक वर्षांचा अभ्यास आहे. पैशांचा प्रश्नही मोठा नाही. खाणींच्या स्वामित्वधनाशी जोडलेला जिल्हा खनिज निधी प्रदूषण नियंत्रणावर खर्च करता येतो.

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा नमुने घेऊन निष्कर्ष ग्रामपंचायतींना मराठी-कोकणीत द्यावेत, ही मागणी अवाजवी नाही. खाणी सुरू ठेवायच्या असतील, तर परवान्याच्या अटींमध्ये पाण्याइतकेच गाळालाही स्थान हवे.